मोठ्यानं वाचती काय

रेवाच्या शाळेचा हॉल मला आधी वासानं ओळखू येतो. लाकडी जमिनीचं पॉलिश, ओले कोट, आणि दुपारी इथंच जेवलेल्या शेकडो मुलांच्या चिप्सचा मागे राहिलेला तेलकट वास. भिंतीला व्यायामाच्या शिड्या टेकवलेल्या. हॉलभर छोटी टेबलं, प्रत्येक टेबलामागे एक शिक्षक आणि समोर खुर्च्या. पॅरेंट्स इव्हिनिंगला प्रत्येक विषयाला पाच मिनिटं मिळतात. पाच मिनिटांत गणित, पाच मिनिटांत केमिस्ट्री, आणि मधल्या वेळात हातातला कागद बघत बाकांवर बसून राहायचं.

दरवर्षी मी या संध्याकाळी तयारीनं येते. प्रश्न लिहून आणते, मागच्या वर्षीचे मार्क आणते. रेवा इयर नाइनमध्ये असताना फिजिक्सचे सर मला म्हणाले होते की तुम्हीच शिकवायला का येत नाही. मला ते कौतुक वाटलं होतं. बाहेर आल्यावर रेवा म्हणाली, "आई, ते जोक करत होते."

या वेळी मला धास्ती होती ती एकाच टेबलाची. इंग्लिशचं, पाच चाळीसचं. येताना बसमध्ये रेवानं खिडकीबाहेर बघत मला बजावलं होतं.

"तू ये. पण तू बोलू नको."

"मग येऊ कशाला?"

"मिसनी तुला बोलावलं म्हणून."

रेवाचं वर्गातलं भाषण बिनसलं त्याला तीन आठवडे झाले होते. त्या तीन आठवड्यांत रेवानं मला एकही वही दाखवली नव्हती. पंधरा वर्षांची मुलगी, पुढच्या वर्षी जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, आणि घरात तिच्या अभ्यासाबद्दल एक शब्द नाही. विचारलं तर "झालं," "करते," "माहीत आहे." यापुढे ती मला कधी काही दाखवेल की नाही, हे त्या पाच मिनिटांवर आहे, अशी माझी समजूत झाली होती. नवरा कामासाठी आठवडाभर कार्डिफला. फोनवर त्यानं एवढंच सांगितलं, "तू फक्त शांत बस." सगळ्यांनी मला तेवढंच सांगायचं ठरवलं होतं.

इंग्लिशच्या मिस पंधरा मिनिटं मागे चालल्या होत्या. मी सकाळी सातपासून हॉस्पिटलच्या लॅबमध्ये उभी होते. बाकावर बसले तशी पिंडऱ्यांत कळ आली. रेवा दूर मैत्रिणींपाशी जाऊन उभी राहिली. मी डोळे मिटले. डोळे मिटल्यावर त्या हॉलमधल्या बोलण्याचे शब्द गळून गेले आणि नुसता एक घरघरता आवाज उरला, चाळीस टेबलांचा मिळून एक. हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. मी यातच वाढले.

आमची गल्ली इचलकरंजीतली. तिथं पहाट कोंबड्यानं होत नसे, कारण माग रात्रभर बंदच व्हायचे नाहीत. मूल जन्मल्यावर पहिला आवाज मागाचा ऐकायचं, आणि बाहेरगावी लग्नाला गेलेल्या बायका सांगायच्या की तिथं झोपच लागली नाही, फार शांत होतं. सुताला खळ देतात त्या सायझिंगवरून खळीचा वास यायचा, शिजलेल्या पिठाचा, थोडा आंबूस. उन्हाळ्यात तो पत्र्याखाली दाटून बसायचा. पावसाळ्यात भिंतींना लागायचा. थंडीत सकाळी सकाळी तोच वास गोड वाटायचा आणि भूक लागायची. आज इथं एखाद्या घरात भाताची पेज उतू गेली की मी दोन क्षण काम सोडून उभी राहते.

आप्पा, माझे वडील, दुसऱ्याच्या कारखान्यात चार माग चालवायचे. पत्र्याच्या एका शेडमध्ये चोवीस माग, आणि त्यातले आपले चार त्यांना पाठ फिरवूनही ऐकू यायचे म्हणे. धागा तुटला की मागाचा सूर बदलतो असं ते सांगायचे. मी कान देऊन किती वेळा उभी राहिले, मला सगळा एकच खडखडाट. ते मात्र मध्येच वळायचे, तिसऱ्या मागाशी जायचे, आणि तिथं खरंच धागा तुटलेला असायचा. आई दोन घरं सोडून कांड्या भरायला जायची. धोट्यात बसते ती सुताची कांडी. तिची बोटं कायम कोरडी, सुतानं कापलेली. वेणी घालताना ती माझ्या केसांत अडकायची.

दिवसपाळी असली की आप्पा सात वाजता घरी यायचे. भुवया, कान, मिशा, सगळीकडं कापसाची पांढरी लव. तिशीतच म्हातारे दिसायचे, मग चुळा भरून तोंड धुतलं की पुन्हा तरुण व्हायचे. हे रोज बघूनही मला रोज गंमत वाटायची. पाट घेऊन ते भिंतीला टेकायचे, आईनं दिलेला चहा बशीत ओतायचे आणि म्हणायचे,

"हं. वाच."

काय वाच, ते कधी सांगितलं नाही. त्यांना ते माहीतही नव्हतं. ते शाळेची पायरी चढले नव्हते. मराठीचा धडा असो, भूगोल असो, पुढं इंग्रजी असो, "वाच" म्हटलं की वाचायचं, आणि मोठ्यानं वाचायचं. भिंतीपलीकडे माग चालू असायचे, त्यामुळे मोठ्यानं वाचल्याशिवाय माझं मलाही ऐकू यायचं नाही. मी ओरडून वाचायचे. नद्यांची नावं ओरडून, काळे-पांढरे ढग ओरडून, लघुत्तम साधारण विभाज्य ओरडून. गल्लीतली पोरं बाहेरून माझी नक्कल करायची.

मध्येच आप्पा बशी खाली ठेवायचे.

"थांब. तुटला."

मी मागं जाऊन बघायचे, आणि दरवेळी तिथं असा एक शब्द असायचा जो मला कळला नव्हता आणि मी तसाच रेटून पुढं गेले होते. त्याचा अर्थ त्यांना येत नव्हता. ते म्हणायचे, उद्या बाईंना विचार. मग मी पुढं वाचायचे.

आई आतून म्हणायची, "अवो, तुमास्नी एक अक्षर वळखू येत न्हाई, आन् पोरीला अडवताय व्हय?"

"अक्षर न्हाई येत वळखू," आप्पा म्हणायचे. "पोरगी येती."

"मोठे मास्तर लागून गेलायसा."

"तू वाढ जेवायला."

वर्षातून एकच दिवस वाचायचं नाही, तो खंडेनवमीचा. आदल्या संध्याकाळी माग थांबायचे आणि पुसले जायचे. तेल, फडकी, झेंडूच्या माळा. आप्पा माझं दप्तर मागायचे. सगळी पुस्तकं आणि कंपासपेटी कारखान्यात नेऊन मागाजवळ, धोट्याच्या आणि पान्याच्या शेजारी मांडायचे. मालक हसायचा. "आप्पा, तुमच्या पोरीचं काय हत्यार हाय व्हय हे?" आप्पा म्हणायचे, "मग काय हाय?" आणि हळदकुंकू लावायचे. माझ्या विज्ञानाच्या पुस्तकावर कुंकवाचे डाग असायचे आणि त्यांना मशीनच्या तेलाचा वास यायचा. त्या दिवशी गल्लीत एवढं सामसूम असायचं की बोलायला लाज वाटायची. माणसं तरी ओरडूनच बोलायची. सवयच ती.

सातवीत असताना शाळेत पालकसभा होती. कामगारांच्या घरचे बाप सहसा येत नसत. आया यायच्या, त्याही पदर तोंडाला लावून मागं बसायच्या. आप्पा पाळीवरून तडक आले. अंगभर पांढरी लव. बाक रिकामे होते, पण कपड्यांचं बाकाला लागेल म्हणून ते दाराशी उभे राहिले, तासभर. हुशार मुलांच्या वडिलांनी शिकवणीबद्दल विचारलं, स्कॉलरशिपबद्दल विचारलं. शेवटी बाई म्हणाल्या, दाराशी उभे आहेत त्या पालकांना काही विचारायचंय का. आप्पांनी घसा खाकरला. मागाजवळ बोलतात त्या आवाजात ते बोलले, म्हणजे अख्ख्या शाळेला ऐकू गेलं.

"मोठ्यानं वाचती काय?"

वर्ग हसला. धरणीनं मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. बाई हसल्या नाहीत.

"वाचते," त्या म्हणाल्या.

"मग झालं," आप्पा म्हणाले आणि चप्पल घालून निघाले. मी दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही. त्यांना ते कळलंही नसेल, किंवा कळलं असेल. त्यांचं काय कळायचं आणि काय नाही, हे मला बारावीपर्यंत नक्की सांगता आलं नसतं.

बारावीच्या वर्षी भारनियमन फार होतं. वीज गेली की सगळी गल्ली एकदम थांबायची. तो आवाज थांबल्याचा धक्का कानाला बसायचा, कोणी मुस्काटात मारावी तसा. बायका उंबऱ्यावर यायच्या, कामगार बाहेर येऊन विड्या पेटवायचे. एक दिवस संध्याकाळी मी केमिस्ट्री वाचत होते, इंग्रजीतून, आणि दिवे गेले. आई काड्यापेटी शोधायला चुलीकडं गेली. आप्पा अंधारातून म्हणाले, "थांबू नगं. जेवढं पाठ असंल तेवढं म्हण."

मी म्हणायला लागले. पाठ होतं ते लगेच संपलं. मी तसंच काहीतरी पुटपुटत राहिले, तोंडातल्या तोंडात. ते थांबवतील म्हणून वाट पाहिली. ते थांबवेनात. माग बंद, गल्ली चिडीचूप, चार हातांवर बसलेला माणूस. मग मला वात्रटपणा सुचला. मी त्याच सुरात भाज्यांची नावं म्हटली. मेथी, शेपू, पोकळा, दोडका.

"हां," आप्पा म्हणाले. "फुडं."

मी बाजार संपवला. गल्लीतल्या म्हाताऱ्यांची नावं घेतली. मालकाला एक शिवी दिली. "हां," आप्पा म्हणत होते, "फुडं." तेवढ्यात आईनं चिमणी पेटवून आणली. उजेड माझ्या तोंडावर पडला आणि त्याच क्षणी आप्पांनी मान वर केली.

"थांब. तुटला."

आईला काही कळलं नाही, ती चिमणी ठेवून गेली. मी पुस्तक तोंडासमोर धरलं. किती वर्षं ते माझा आवाज ऐकत नव्हते कोण जाणे. कपाळ बघत होते, ओठ बघत होते, कुठं डोळा अडखळतो ते बघत होते. मी त्यांना कधी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी दिव्याखाली त्यांच्या समोर बसायला लागले, आणि पुस्तक जरा खाली धरायला. त्यांनीही कधी विचारलं नाही की जागा का बदललीस.

मी बी.एस्सी. झाले. हे सांगताना मी आवाज खाली घेत नाही, अजूनही नाही. आमच्या गल्लीतली पहिली. घराण्यातली तर पहिलीच. पुढं एम.एस्सी., लग्न, मग हे साउथहॅम्प्टन, हॉस्पिटलची लॅब, रक्ताच्या नळ्या, मशीनवरचे आकडे. डॉक्टर मंडळींच्या गणेशोत्सवात ओळख करून देताना लोक विचारतात, वडील काय करायचे, आणि मी "टेक्स्टाइलमध्ये" म्हणत नाही. मी "मागावर कामाला होते" म्हणते. मग कोणीतरी म्हणतं, वा, आणि तुम्ही इथवर आलात. आप्पा मी इथं येण्याआधी गेले. रेवानं त्यांना पाहिलं नाही.

तर तीन आठवड्यांपूर्वीचं ते.

इथं इंग्लिशमध्ये प्रत्येक मुलाला वर्गासमोर उभं राहून एक भाषण करावं लागतं. विषय आपला आपण निवडायचा. जीसीएसईच्या सर्टिफिकेटवर त्याचा वेगळा शेरा येतो, पास, त्याच्यावर मेरिट, आणि सगळ्यांत वर डिस्टिंक्शन. रेवानं एका कागदावर विषय लिहून फ्रिजवर लावला होता. शाळेच्या अंगणातल्या सीगलबद्दल. बंदराचं गाव आहे, सीगल इथं माणसांपेक्षा जास्त. डब्यातलं सँडविच हातातून उचलून नेतात. कोणता मुलगा नवा आहे आणि घाबरेल हे त्यांना कळतं, असं तिचं म्हणणं होतं. कागदावर तिनं पक्ष्यांना नावंसुद्धा दिली होती.

मी दमून घरी आले होते. कोट काढायच्या आत तो कागद वाचला.

"सीगल? परीक्षेत?"

"परीक्षा नाहीये आई, स्पीच आहे. मिस म्हणाली, काहीपण चालेल."

"काहीपण चालेल म्हणजे काहीपण करायचं नसतं, रेवा. पोरं काय काय बोलतील. कोणी क्लायमेटवर बोलेल, कोणी..."

"अमीना केसांवर बोलणार आहे."

"तू अमीना नाहीस."

आमचा पालकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, सगळे आपलेच. कोणाच्या मुलाला काय मिळालं, कोणता ट्यूटर, कोणते जुने पेपर. मी त्यावर विचारलं. एकीनं लिहिलं, पर्सनल स्टोरी चालते, फॅमिली जर्नी, मायग्रेशन, ते लोकांना फार आवडतं. मग मी लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत बसून लिहून काढलं. माझे आजोबा एक अक्षर वाचू शकत नव्हते, पण त्यांनी मला वाचायला शिकवलं. असं त्याचं पहिलं वाक्य होतं. इंग्रजीतून, माझ्या हातानं. लिहिताना मला रडू आलं. मला वाटलं, मी रेवासाठी किती छान लिहितेय.

चार संध्याकाळी तिला फ्रिजसमोर उभं केलं. पाठांतर आमच्या रक्तातच आहे. इथं थांब, इथं वर बघ, इथं हळू. "टेक्स्टाइल वर्कर" म्हणताना तिनं सरळ बघायचं, मान वर. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आई, पण मी त्यांना कधी बघितलं पण नाही."

"म्हणून काय झालं? आजोबा आहेत ना तुझे?"

"ते मला वाचायला नाही शिकवले. तू शिकवली."

"अगं, भाषणात असं म्हणतात."

ती पुन्हा फ्रिजसमोर उभी राहिली आणि मान वर करून पहिल्यापासून सुरू केलं. मला ते यश वाटलं.

वर्गात ती दुसऱ्या परिच्छेदापर्यंत गेली आणि थांबली. पुढचं आठवत नव्हतं असं नाही. तिला सगळं पाठ होतं, उलटसुद्धा म्हणता आलं असतं. ती नुसती थांबली, कागद घडी करून खिशात ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. हे मला मिसच्या ईमेलमधून कळलं. रेवानं घरी येऊन बूट काढता काढता एवढंच सांगितलं, "सगळे बघत होते आणि मी तुझ्या आवाजात बोलत होते." मग वर गेली. त्या दिवसापासून वह्या बंद.

आप्पांचं एक बरं होतं. त्यांना येत नव्हतं. सात वाजता ते माझ्याहून जास्त दमलेले असायचे, आणि जे त्यांना येत नव्हतं ते करायला त्यांच्याकडं जीवही उरलेला नसायचा. भिंतीला टेकून बघत बसायचे. मला येतं. मला सगळं येतं, स्पेलिंग येतं, मार्किंग स्कीम येते. मी दमलेली असले तरी हातात पेन येतंच. मूल वाचायला लागलं की माझं बोट आधीच पुढच्या ओळीवर गेलेलं असतं. रेवा सहावी-सातवीपर्यंत माझ्याजवळ बसून मोठ्यानं वाचायची. ती कधी थांबली, कोणत्या दिवशी, मला आठवत नाही. तिला कोणी थांब म्हटलं नव्हतं.

"आई. चल. आपला नंबर."

डोळे उघडले. इंग्लिशच्या मिस तरुण होत्या, हिरवं कार्डिगन, टेबलावर थंड झालेली कॉफी. त्याही दमल्या होत्या. बसल्याबरोबर त्या म्हणाल्या, ते भाषण फार सुंदर लिहिलेलं होतं. खरं सांगते, तीन आठवडे धास्तीत काढलेली बाई मी, तरी त्या वाक्यानं माझी छाती फुगली. मग त्या म्हणाल्या, पण त्यात मला रेवा कुठं सापडली नाही.

माझ्या पर्समध्ये प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये तेच भाषण होतं, सुधारलेलं. "माझे आजोबा" काढून "माझ्या आईचे वडील" केलं होतं, वाक्यं छोटी केली होती. शांत बसायचं कबूल करून मी हे घेऊन आले होते. पर्स मांडीवर होती आणि माझा हात चेनवर होता.

"तुला कशावर बोलायचंय?" मिसनी रेवाला विचारलं.

रेवानं माझ्याकडं बघितलं नाही. "सीगलवर," ती म्हणाली.

"छान. पुढच्या मंगळवारी, तिसऱ्या तासाला. तयारीला आईची मदत घेशील?"

"नो, थँक यू," रेवा म्हणाली. दुकानात पिशवी नको म्हणतात तसं, नम्रपणे. इतक्या नम्रपणे की मला आपण परक्या असल्यासारखं झालं.

मिस माझ्याकडं वळल्या. मला काही विचारायचंय का म्हणाल्या. मला खूप विचारायचं होतं. सीगलवर बोलून किती मिळू शकतात. आधीचं नापास धरतात का. मी वाईट आई आहे असं तुम्ही कुठं लिहून ठेवलंय का. मी चेनवरचा हात काढला आणि म्हटलं, नाही, काही नाही. पाच मिनिटं व्हायची होती. उरलेल्या दीड मिनिटात मिसनी हळूच ती थंड कॉफी पिऊन टाकली.

बस स्टॉपवर वारा होता. बंदराकडून कुठल्यातरी मोठ्या जहाजाचा भोंगा ऐकू आला. रेवा हूडमधून म्हणाली, "तू बोलली नाही."

"तूच सांगितलंस."

"हो. पण मला वाटलं, बोलशील."

"मलाही वाटलं."

ती हसली का, ते हूडमुळं दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गोपनीय कागद फाडायला जातात त्या पेटीत मी ते फोल्डरमधले कागद टाकले. पेटीचं तोंड अरुंद आहे, दोनदा ढकलावे लागले.

मंगळवारपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. भिंतीपलीकडून कुजबुज ऐकू यायची, मध्येच एक चिरका आवाज, बहुतेक सीगलचा. मी कान लावत नव्हते असं म्हणणार नाही. दार वाजवलं नाही एवढंच. मंगळवारी तिसऱ्या तासाच्या वेळी मशीनमध्ये नळ्या लावत होते आणि एका नळीचं लेबल तीनदा वाचलं.

घरी आले तर रेवा माझ्या आधी आली होती. युनिफॉर्ममध्येच किचनमध्ये उभी राहून सीरिअल खात होती. मी पिशव्या ओट्यावर ठेवल्या. विचारायचं नाही असं बसमधून येताना दहा वेळा ठरवलं होतं. मी भाज्या काढायला लागले.

"मेरिट मिळालं," ती म्हणाली.

"डिस्टिंक्शन का नाही?"

गेलंच तोंडातून. मी गाजराची पिशवी धरून तशीच उभी राहिले. आता ही वर जाईल, आणि या वेळी तिचं बरोबरच असेल.

रेवानं चमचा वाडग्यात ठेवला. "मी विचार केलेला की तू हेच बोलणार," ती म्हणाली. "अमीनाला पण सांगितलेलं. मी मध्येच हसले. खूप हसले. मग टाइम संपला."

"कशाला हसलीस?"

"ते असंच नाही सांगता येत. पूर्ण करून दाखवावं लागेल."

ती मला न्याहाळत राहिली, कपाळापासून हनुवटीपर्यंत, बराच वेळ.

"नको," ती म्हणाली. "तू दमलीयेस."

खुर्ची ओढून मी बसले. पाय खरंच उरले नव्हते. गाजरं मांडीवरच राहिली.

"हो, दमलेय," मी म्हटलं. "दाखव."